एका सेकंदाला एक नाव

बीड जिल्ह्यातल्या नेकनूरच्या आठवडी बाजारात जनावरांच्या दावणीपाशी उभा राहून मी एकच प्रश्न विचारत सुटलो होतो. "मॉर्मन माहीत आहेत का?" पहिले गृहस्थ बैलाचे दात बघत होते. मान न वळवता म्हणाले, "कपाशीवर मारत्यात का सोयाबीनवर?" दुसऱ्यांनी नीट विचार केला. "हार्मोन म्हणता व्हय? ते जनावराच्या डॉक्टरला इचारा." मी मोर्चा बदलला. "बरं, जोसेफ स्मिथ?" भजी तळणाऱ्या पोराने झारा थांबवून उत्तर दिलं, "ऑस्ट्रेलियाचा ना?" तो स्टीव्ह, असं सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. शेवटी एक निवृत्त मास्तर भेटले. "शेरलॉक होम्सच्या पहिल्याच गोष्टीत आहेत ते. वाळवंटात राहतात, चार-चार बायका करतात." अख्ख्या बाजारात जमा झालेली माहिती ती एवढीच, आणि तीही १८८७ सालच्या कादंबरीतली.

यात नेकनूरने लाजण्यासारखं काही नाही. आमच्याकडे बंकटस्वामी म्हटलं की शेंबडं पोरही मठाकडे बोट दाखवतं. मॉर्मनांच्या गावी, सॉल्ट लेक सिटीत, जाऊन विचारा बरं बंकटस्वामी कोण. मधे १३ हजार किलोमीटर आहेत, म्हणजे मुंबई-पुणे अंतर ८८ वेळा. आपल्याकडे भर दुपारचे बारा वाजतात तेव्हा तिथे थंडीच्या दिवसांत आदल्या रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. तारीखसुद्धा जुळत नाही, तिथे संत कुठून जुळायचे!

पण थांबा, खरी गंमत पुढेच आहे. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ अमेरिकेत जन्मला, अमेरिकेत वाढला, अमेरिकेत मारला गेला. त्याच्या स्वतःच्या गावकीत तरी त्याला किती ओळखतात? २०१० साली प्यू या संशोधन संस्थेने ३,४१२ अमेरिकनांची धर्माच्या सामान्य ज्ञानाची परीक्षा घेतली. जोसेफ स्मिथ मॉर्मन होता हे बरोबर सांगणारे निघाले ५१ टक्के. उरलेल्यांना जमलं नाही. आता ते उरलेले ४९ टक्के कागदावरून उचला आणि माणसांत मोजा. त्या साली अमेरिकेत प्रौढ माणसं होती साडेतेवीस कोटी. त्यातले ४९ टक्के म्हणजे साडेअकरा कोटी! आणि २०११ च्या जनगणनेत आपला महाराष्ट्र किती? ११ कोटी २४ लाख. म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत, पाळण्यातल्या पोरापासून पंढरीच्या म्हातारीपर्यंत अख्खा महाराष्ट्र उचलून अमेरिकेत ठेवला, तर तेवढी माणसं तिथे आपल्याच मातीतला हा धर्मसंस्थापक ओळखत नव्हती. भजीवाल्या पोराला माफ करून टाका.

मग तुम्ही म्हणाल, फारच बारीकसा पंथ असेल. चला, मोजू.

६ एप्रिल १८३०. न्यूयॉर्क राज्यातलं फेएट नावाचं खेडं. एका शेतकऱ्याच्या लाकडी घरात चर्च रीतसर स्थापन झालं. कायद्याच्या कागदावर संस्थापक सभासद किती? सहा. एका रिक्षात दाटीवाटीने बसतील एवढे. आमच्याकडे गणेश मंडळाची कार्यकारिणीसुद्धा याहून मोठी असते. आणि २०२४ च्या अखेरीस सभासद किती? १ कोटी ७५ लाख! सहाचे पावणेदोन कोटी! २०११ च्या गणतीत बीड जिल्हा २५ लाख ८५ हजारांचा. असे पावणेसात बीड जिल्हे भरतील, आष्टीपासून परळीपर्यंत, वर ऊसतोडीला गेलेले सगळे धरून. या मंडळींना रेल्वेत बसवू. २४ डब्यांची गाडी, डब्याला ७२ बर्थ, म्हणजे एका गाडीत १,७२८ माणसं. गाड्या लागतील दहा हजारांहून जास्त. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून दर पाच मिनिटाला एक सोडली, रात्रंदिवस, मेगाब्लॉक न घेता, तर शेवटची गाडी छत्तिसाव्या दिवशी सुटेल. (आमच्या बीडला रेल्वे यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. तेव्हा या हिशेबाकडे आम्ही जरा हेव्यानेच बघतो.)

सहाचे पावणेदोन कोटी कसे झाले, याचं गणित बुद्धिबळाच्या पटावर तांदूळ मागणाऱ्या त्या ब्राह्मणासारखं आहे. १९४ वर्षांत साडेएकवीस वेळा दुप्पट. सरासरीने दर नऊ वर्षांनी दुप्पट. म्हैस घेताना सावकाराने असलं व्याज लावलं असतं तर गाव पेटलं असतं. हा नऊ वर्षांचा आकडा मात्र लक्षात ठेवा, त्याला पुण्याला न्यायचं आहे.

त्याआधी खुद्द माणसाकडे बघू. जोसेफ स्मिथ जन्मला २३ डिसेंबर १८०५ ला, व्हरमाँट राज्यात, हलाखीतल्या शेतकऱ्याच्या घरी. शाळा जेमतेम. त्याने सांगितलं ते असं, की एका देवदूताने टेकडीत पुरलेली सोन्याच्या पत्र्यांची पोथी दाखवली आणि तिचं भाषांतर दैवी साहाय्याने त्याच्याकडून झालं. पोथीचं माप वर्णनात येतं ते साधारण सहा इंच रुंद, आठ इंच लांब, सहा इंच जाड. आता तराजू काढल्याशिवाय राहवतं का? एवढा ठोकळा भरीव शुद्ध सोन्याचा असता तर वजन भरलं असतं ९१ किलो, म्हणजे गव्हाची दोन पोती थोडी कमी. तोळ्याला लाख रुपये धरा, ९१ कोटींचा माल! सराफ कट्टा हादरला असता. प्रत्यक्षात ती हाताळल्याचं सांगणारे लोक वजन सांगतात १८ ते २७ किलो. पत्र्यांमधे पोकळी होती म्हणा, मिश्रधातू होता म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. पोथी देवदूताने परत नेली, त्यामुळे वजनकाट्याचा प्रश्नच मिटला. श्रद्धेचा पंचनामा करायला आपण निघालेलो नाही, आपण आकडे मोजायला निघालो आहोत.

भाषांतर झालं ते १८२९ च्या वसंतात-उन्हाळ्यात, कामाचे दिवस धरले तर दोन-सव्वादोन महिन्यांत. इंग्रजी शब्द दोन लाख सत्तर हजारांच्या घरात. साठ-सत्तर दिवसांनी भागा. रोजचे चार हजार शब्द, तोंडी सांगून, दुसऱ्याकडून लिहवून. बोरू, दौत, मेणबत्ती. आमच्याकडे तहसिलातून सातबारा मिळायला लागतो तेवढ्या दिवसांत ग्रंथ तयार! मार्च १८३० मध्ये पालमायरा गावच्या छापखान्यात पहिली आवृत्ती निघाली, पाच हजार प्रती, खर्च तीन हजार डॉलर. मार्टिन हॅरिस नावाच्या अनुयायाने छपाईसाठी शेत गहाण टाकलं, आणि ते गेलंच. १५१ एकर! आमच्या बालाघाटच्या माळावर एवढी जमीन असलेला माणूस गावचा राजा असतो, आणि याने ती एका पुस्तकावर उडवली. घरात काय ऐकून घ्यावं लागलं असेल, कल्पना करा.

पाच हजार प्रतींचं पुढे काय झालं? २०२० पर्यंत एकूण प्रती गेल्या १९ कोटींवर. पूर्ण किंवा अंशतः शंभराहून अधिक भाषांत. प्रत साधारण वीस सेंटिमीटर लांब, म्हणजे मोठ्या माणसाची एक वीत. आता रस्त्यावर एकीला एक लावून मांडत चला. पुणे येईल, संपणार नाहीत. परत मुंबईला या, पुन्हा पुण्याला जा. अडीचशे वेळा मुंबई-पुणे झालं तरी हातात थोड्या प्रती उरतील. सरळ रेषेत मांडल्या तर ३८ हजार किलोमीटर, आणि पृथ्वीचा घेर ४० हजार. पृथ्वीला पुस्तकांचा कंबरपट्टा बांधायला फक्त दोन हजार किलोमीटर कमी पडले! एकेक प्रत सेकंदाला एक अशी नुसती मोजायची म्हटली, झोप नाही, चहा नाही, तर सहा वर्षं. आणि असं पुस्तक नेकनूरच्या बाजारात एकानेही पाहिलेलं नाही.

जोसेफ स्मिथला हे सगळं बघायला मिळालं नाही. २७ जून १८४४ ला इलिनॉय राज्यात कार्थेजच्या तुरुंगात जमाव घुसला आणि त्याला गोळ्या घातल्या. वय ३८. त्याच वर्षी तो अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीलाही उभा होता. (१६८ वर्षं थांबा, २०१२ येऊ द्या. मिट रॉमनी नावाचा मॉर्मन त्याच पदासाठी उभा राहिला, हरला, पण मतं घेतली सहा कोटींवर.) मागे राहिलेले लोक त्याचा वारस ब्रिगम यंग याच्या मागोमाग पश्चिमेला निघाले. इलिनॉयमधलं त्यांचं गाव नॉवू ते सॉल्ट लेकचं खोरं, २,१०० किलोमीटर. आळंदी-पंढरपूर धरा अडीचशे. म्हणजे आठ वाऱ्या एकापाठोपाठ, घरी न जाता, मधे गावजेवण नाही, दिंडीच्या मागे पाण्याचा टँकर नाही, समोर मोकळं माळरान आणि बर्फ. १८६९ मध्ये रेल्वे पोचेपर्यंत असे सुमारे ७० हजार लोक गेले. त्यातल्या तीनेक हजारांकडे बैलसुद्धा नव्हते. त्यांनी संसार हातगाड्यांवर लादला आणि माणसांनीच तो ओढला. गाडीत संसार भरून कारखान्याच्या वाटेला लागणं काय असतं हे बीडच्या माणसाला सांगावं लागत नाही. फक्त बैलांच्या जागी स्वतःला जुंपून बघा.

आणि आता पुणे.

होय, पुणे. कारण हे लोक महाराष्ट्रात येऊन गेलेले आहेत, आणि तेही आपल्याकडे आगगाडी यायच्या आधी! सप्टेंबर १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन प्रचारक इंग्लंडहून मुंबईत उतरला. पुढच्या एप्रिलात, १६ तारखेला, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, ३४ किलोमीटर. त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले तेरा मॉर्मन प्रचारक सुमारे तीन महिने जहाजात काढून कलकत्त्याला पोचले. तीन महिने! एवढ्या वेळात आज मुंबईहून पुण्याला रोज जाऊन-येऊन करणारा माणूस सत्तावीस हजार किलोमीटर फिरतो. आणि १८५३ सालीच तिकडे सॉल्ट लेकच्या मोठ्या मंदिराचा पाया घालायला घेतला, जे बांधून व्हायला चाळीस वर्षं लागली. एका सालात किती उलाढाली!

फिंडले मुंबईहून पुण्याला गेला. खंडाळ्याचा घाट चढणारी रेल्वे व्हायला अजून दहा वर्षं होती, ती १८६३ ची गोष्ट. लष्करात त्याची डाळ शिजेना. मुंबईच्या वर्तमानपत्रांनी आणि इतर पाद्र्यांनी त्याला आधीच धारेवर धरलेलं. तरी गडी चिकाटीचा. मराठी शिकायला लागला. १८५५ मध्ये मुंबईत त्याने मराठ्यांना उद्देशून मराठीत एक पुस्तिकाच छापली, देव आणि धर्म या विषयावर. विचार करा, महात्मा फुल्यांचा पहिला 'पोवाडा' छापून यायला अजून चौदा वर्षं होती, आणि युटाच्या पंथाचं मराठी पुस्तक बाजारात! पुण्यात त्याने जी शाखा उभी केली तिच्यात माणसं होती डझनभर. त्या पाच-सहा वर्षांत सगळ्या हिंदुस्थानात मिळून बाप्तिस्मे झाले साठएक, त्यातही बरेचसे गोरे. एक एसटी गच्च भरेल एवढे. मग सगळे प्रचारक परतले आणि वही मिटली.

आता तो नऊ वर्षांचा आकडा काढा. पुण्याचे ते बारा जण तिकडच्याच वेगाने, दर नऊ वर्षांनी दुप्पट होत गेले असते तर? बाराचे चोवीस, चोविसाचे अठ्ठेचाळीस. टिळक मंडालेच्या तुरुंगातून सुटले तेव्हा हजाराच्या आसपास. देश स्वतंत्र झाला तेव्हा पंधरा हजार. पानशेत फुटलं तेव्हा पंचेचाळीस हजार. आणि आज? ६३ लाख! २०११ च्या गणतीतलं पुणे शहर ३१ लाखांचं. म्हणजे पुण्यात जेवढे पुणेकर, त्याच्या दुप्पट मॉर्मन! तसं झालं नाही. का झालं नाही यावर धर्माच्या अभ्यासकांनी लिहावं. मला एवढंच कळतं, की चक्रवाढ व्याज आणि बाजारपेठेतली माणसं यांचं गणित वेगवेगळं असतं. आज भारतभरात त्यांचे सभासद पंधरा हजारांच्या आसपास आहेत. ९३ हजार भारतीयांमागे एक. वानखेडे तुडुंब भरलं, ते दोनदा रिकामं करून पुन्हा भरलं, तर त्यात एखादा सापडेल. बंगळुरूला मंदिर बांधायची घोषणा झाली २०१८ साली.

बाहेरच्या लोकांना या पंथाबद्दल काय ठाऊक असतं? मास्तरांनी सांगितलं तेच, बायका. खुद्द चर्चने २०१४ मध्ये मान्य केलं की जोसेफ स्मिथच्या बायकांचा अंदाज ३० ते ४० असा आहे. ही प्रथा चर्चने १८९० मध्ये अधिकृतपणे थांबवायला घेतली, तरी सव्वाशे वर्षांनीही ओळख तीच. त्यांनी ती पुसायला काय नाही केलं! आम्ही मॉर्मन, तुमच्या-आमच्यासारखेच, अशा जाहिराती अमेरिकेतल्या शहरोशहरी लावल्या. ब्रॉडवेवर २०११ साली त्यांची टिंगल करणारं संगीत नाटक आलं आणि नऊ टोनी पुरस्कार घेऊन गेलं, तर यांनी त्याच नाटकाच्या माहितीपत्रकात आपल्या ग्रंथाची जाहिरात दिली. (हे मला भयंकर आवडलं. आमच्याकडे नाट्यगृह फोडलं असतं.) आणि एवढं करून २०१८ मध्ये त्यांच्या अध्यक्षांनी सांगितलं, मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव घ्या. पूर्ण नाव म्हणजे 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. तीन अक्षरांची पाटी रंगवून झाल्यावर दुकानाचं नाव बदललं! नेकनूरच्या बाजारात हे पूर्ण नाव विचारायचं धाडस मला झालं नाही.

पाटी नसली तरी दारावर माणूस येतो. पांढरा सदरा, टाय, काळी नावपट्टी, दोघंदोघं. अठरा-वीस वर्षांची पोरं दोन वर्षांसाठी प्रचाराला निघतात, पोरी दीड वर्षासाठी, खर्च बहुतेक घरचाच. जगभरात अशी ७४ हजारांहून अधिक. त्या चोवीस डब्यांच्या गाड्या त्रेचाळीस! पुन्हा दोन वर्षांनी नवी भरती.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण आकडा मोठा असला की माणूस आधी पैशाकडे बघतो आणि मग बाकीचं ऐकत नाही. सभासदाने उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा असतो. त्यातून साठलेल्या गुंतवणुकीचा आकडा २०१९ मध्ये एका आतल्या माणसाच्या तक्रारीतून वर्तमानपत्रांत आला, सुमारे १०० अब्ज डॉलर. डॉलरला ८५ रुपये धरा, साडेआठ लाख कोटी रुपये. आपल्या राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा. पाचशेच्या नोटांत हा ढीग केला तर नोटा होतील सतराशे कोटी. शंभर नोटांचं बंडल एक सेंटिमीटर जाड धरलं तर एकावर एक रचून मनोरा होईल १,७०० किलोमीटरचा, मुंबई-पुणे अकरा वेळा, पण उभं! वजन सतरा हजार टन. उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वीसेक टन नेतो, असे साडेआठशे ट्रॅक्टर, कारखान्याच्या गेटपासून रांग लावून. २०२३ मध्ये गुंतवणुकीची माहिती नीट उघड केली नाही म्हणून अमेरिकेच्या शेअर बाजार नियंत्रकाने चर्चला आणि त्याच्या गुंतवणूक कंपनीला मिळून ५० लाख डॉलर दंड केला. केवढा मोठा वाटतो ना? लाख रुपये खिशात असलेल्या माणसाला पाच रुपये दंड, एवढा.

असो. नोटा सोडा. ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो ते पुढेच आहे, आणि ते एका डोंगराच्या पोटात आहे.

मॉर्मन लोकांची श्रद्धा अशी, की कुटुंब मृत्यूनंतरही टिकतं, आणि ज्यांना जिवंतपणी संधी मिळाली नाही त्या पूर्वजांच्या वतीने नातवा-पणतवांनी बाप्तिस्मा घेता येतो. जोसेफ स्मिथने ही प्रथा १८४० मध्ये सुरू केली. आता पूर्वजासाठी विधी करायचा तर पूर्वजाचं नाव हवं. आपल्याकडेही तर्पणाला तीन पिढ्यांची नावं विचारतात आणि आपण तिसऱ्याला अडखळतो. त्यांनी ठरवलं, अडखळायचंच नाही. जगात जिथे जिथे नावं लिहिलेली आहेत तिथे तिथे कॅमेरा घेऊन जायचं. जन्म-मृत्यूच्या नोंदी, चर्चच्या वह्या, जहाजांच्या याद्या, खानेसुमाऱ्या. यावरून वादही झाले. ज्यूंच्या छळछावण्यांत मेलेल्यांची नावं या विधींत घेतली म्हणून संताप उसळला. महात्मा गांधींच्या नावानेही असा विधी झाल्याची बातमी २०१२ मध्ये आली होती. पण नावं गोळा करणं थांबलं नाही.

सॉल्ट लेकजवळ ग्रॅनाइटचा डोंगर आहे. १९६० च्या दशकात त्याला बोगदे पाडून तिजोरी केली. डोक्यावर जवळजवळ सातशे फूट दगड, म्हणजे दौलताबादचे तीन चांदमिनार एकावर एक. दार चौदा टनांचं. आत मायक्रोफिल्मची रिळं, २४ लाख! एक रीळ शंभर फुटी. उलगडून एकाला एक जोडली तर ७३ हजार किलोमीटर. मुंबई-पुणे? ४८७ वेळा. पृथ्वीला पावणेदोन वेढे. आणि गुंडाळून ठेवली तर? एका डबीला अर्ध्या लिटरच्या बाटलीएवढी जागा धरा. सगळी रिळं मावतील आमच्याकडच्या दोन विहिरींत. चोवीस फूट रुंद, सात-आठ परस खोल, अशा दोन. बारा हजार लिटरचे टँकर शंभर. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली होती आठवते? 'जलदूत'. पन्नास वाघिणींत २५ लाख लिटर. तिच्या अर्ध्या वाघिणींत एवढं सगळं बसलं असतं. त्या गाडीच्या अर्ध्या वाघिणींत जगाचे वाडवडील!

त्यात आपलेही आहेत. हरिद्वारला पंडे ठेवतात त्या बह्या, कोण आलं, कुठल्या गावचं, कुणाचा मुलगा, कुणाची रक्षा घेऊन आला, त्या बह्यांची रिळं चर्चच्या युटातल्या वंशावळ संस्थेने करून नेली. कुरुक्षेत्राच्याही. मराठवाड्याचा कुणी आजा-पणजा रक्षा घेऊन तिथे पोचला असेल आणि पंड्याने त्याचं नाव लिहून घेतलं असेल, तर ते नाव आज त्या डोंगरात असू शकतं. ज्यांचं नाव आपण ऐकलेलं नाही, त्यांच्याकडे आपल्या आज्याचं नाव!

जुन्या वहीतल्या एका ओळीची किंमत काय असते, हे गेल्या दोन-तीन वर्षांत बीड जिल्ह्याइतकं कुणाला कळलंय? २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली. निजामाच्या वेळची दप्तरं, मोडीतली कागदपत्रं, झुरळं झटकत वाचली. पहिल्या टप्प्यात मराठवाड्यात पावणेदोन कोटींच्या घरात नोंदी तपासल्या आणि हाती लागल्या ११,५३०. दीड हजारांत एक! त्या एका ओळीसाठी तहसिलाच्या पायऱ्यांवर लोक दिवसच्या दिवस बसले. मग आता श्वास रोखा. त्या चोवीस लाख रिळांचं संगणकीकरण २०२१ मध्ये पूर्ण झालं, तेव्हा जाहीर झालं की त्यांत माणसं आहेत साडेअकरा अब्ज. आपल्या भाषेत १,१५० कोटी. एकच माणूस जन्माला, लग्नाला आणि मरणाला असा तीनदा आला असेल, धरून चाला. तरी १,१५० कोटी! आज पृथ्वीवर जिवंत माणसं आठशे कोटींच्या जरा वर आहेत.

वाचू या मोठ्याने? सेकंदाला एक नाव. तासाला ३,६००. दिवसाला ८६,४००. अख्खा बीड जिल्हा तीस दिवसांत संपतो. महाराष्ट्र साडेतीन वर्षांत. भारत, २०११ चा, अडतीस वर्षांत, म्हणजे एका नोकरीत. आज जिवंत असलेली सगळी माणसं अडीचशे वर्षांत, आणि तेवढ्यात वाचणाऱ्यांच्या दहा पिढ्या. तरी डोंगर रिकामा होत नाही. १,१५० कोटी सेकंद म्हणजे तीनशे चौसष्ट वर्षं! पन्हाळ्याचा वेढा फोडून महाराज विशाळगडाकडे निघाले, घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले, तो जुलै १६६०. त्या रात्री कुणी खिंडीच्या तोंडाशी बसून पहिलं नाव वाचलं असतं, आणि थांबलाच नसता, राज्याभिषेकाला थांबला नसता, पानिपताला थांबला नसता, सत्तावन्नला नाही, स्वातंत्र्याला नाही, किल्लारीच्या भूकंपाला नाही, तर त्याने शेवटचं नाव वाचलं असतं २०२४ साल संपता संपता.

हे सगळं मी पुढच्या बाजारी त्याच दावणीपाशी सांगितलं. बैलाचे दात बघणारे ते गृहस्थ आज गाय घेऊन आले होते. सत्तरीचे असतील. ऐकून घेतलं. बाकी कशाचं त्यांना काही वाटलं नाही, सोन्याचं नाही की नोटांचंही नाही. "म्हंजे आमच्या आज्याचं निघंल का त्यात?"

"हरिद्वारला गेले होते का?"

"ते काय ठावं." थोडं थांबून त्यांनी बोटांची पेरं धरली आणि स्वतःपासून सुरुवात केली. स्वतःचं नाव, बापाचं, आज्याचं, पणज्याचं. चार नावं, चार सेकंद. अंगठा पाचव्या पेरावर गेला आणि तिथेच राहिला. गाईने दोनदा दावं ओढलं. मग ते शेजारच्याला म्हणाले, "तात्या, आपल्या पणज्याचा बाप कोण रं?"